शाळकरी मुलांचा उत्साह न मोडता त्यांना सॉफ्टवेअर परवान्यांविषयी कसे शिकवावे?

सुरुवात मनाईच्या यादीने न करता मुलांनी स्वतः केलेल्या कामापासून करावी. स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग संकेतस्थळावर जाहीर केलेला प्रकल्प क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, श्रेय देऊन त्याच अटींवर पुढे वाटण्याची मुभा देणाऱ्या परवान्याखाली येतो; तिथे ‘रीमिक्स’ केलेल्या, म्हणजे दुसऱ्याचा घेऊन बदललेल्या, खेळाच्या पानावर मूळ कर्त्याचे नाव आपोआप झळकते, आणि ते नाव आपले असले की परवाना कशासाठी असतो हे वेगळे समजावावे लागत नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेकडे वळलेल्यांना एमआयटी परवाना संपूर्ण वाचायला द्यावा (तो जेमतेम तीन परिच्छेदांचा आहे): कोड वापरा, बदला, हवा तर विका, मात्र मूळ हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर काढू नका. जीपीएलच्या, म्हणजे बदललेला कोड वाटताना तोच परवाना लावायला सांगणाऱ्या परवान्याच्या, अटी नंतर पाहता येतील. पण गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर परवान्याविना ठेवलेला कोड सर्वांना वापरायला मोकळा नसतो, हे पहिल्याच आठवड्यात सांगावे.