संगणक-शंका: ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी आवाज तपासा

प्रश्न: ताई, मी इंदूरला सुदामा नगरात राहतो, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पीसी जुना आहे. 8 जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, जीटीएक्स 1050 ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज 10. त्यावर 2005च्या सुमाराचा एक कार रेसिंग गेम खेळतो. मोकळ्या रस्त्यावर गेम झकास पळतो, पण टक्कर झाली किंवा चार-पाच गाड्या जवळ आल्या की चित्र अडखळतं आणि आवाज कर्रर्र करून तुटतो. कोपऱ्यातला आकडा मात्र 60 फ्रेमच दाखवतो. दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्ड बदला. बाबांकडे एवढे पैसे मागायचा धीर होत नाही.

उत्तर: मागूही नकोस. इतका जुना गेम 1050ला अजिबात जड नाही. आणि कार्ड कमी पडत असतं, तर झाडं-इमारती दाटीनं आल्यावरही गेम अटकला असता. तुझा गेम अटकतो तो जिथे एकदम खूप आवाज होतात तिथे. तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ हीच आहे.

आधी त्या 60च्या आकड्याबद्दल. फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारं एक चित्र. तो आकडा सेकंदाभराची सरासरी सांगतो. 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला साधारण 16.7 मिलिसेकंद. त्यातली एखादी फ्रेम 100 मिलिसेकंद रखडली तरी सरासरी फारशी हलत नाही, पण तुझ्या डोळ्याला झटका बसतोच.

आता परीक्षा. गेममध्ये आवाज शून्यावर आणून भागत नाही. बऱ्याच गेममध्ये आवाज शून्य केला तरी आतलं सगळे आवाज एकत्र मिसळण्याचं काम चालूच राहतं, फक्त ते ऐकू येत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघड, ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’मध्ये जा आणि तिथली सगळी उपकरणं राइट क्लिक करून डिसेबल कर. सगळी म्हणते, कारण मॉनिटरला एचडीएमआय केबल असेल तर ग्राफिक्स कार्डाचं वेगळं ऑडिओ उपकरणही तिथे दिसेल आणि गेम गुपचूप त्याच्याकडे वळेल. मग त्याच वळणावर तशीच टक्कर मार.

अडखळणं थांबलं तर दोष आवाजाच्या वाटेत आहे. उपकरणं परत चालू कर आणि पहिल्यांदा गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जा. तिथे ‘ईएएक्स’ (साउंड कार्डाकडून आवाजाचे परिणाम करून घेण्याची जुनी पद्धत) किंवा ‘हार्डवेअर थ्रीडी साउंड’ असं काही असेल तर ते बंद कर. त्या काळचे गेम डायरेक्टसाउंड या विंडोजमधल्या आवाजाच्या सोयीमार्फत साउंड कार्डाच्या चिपकडून काम करून घ्यायचे. 2007मध्ये विंडोज व्हिस्टा आलं, त्यात आवाजाची सगळी यंत्रणा नव्यानं बांधली आणि ही थेट वाट बंद झाली. त्यानंतर ते काम प्रोसेसरवरच येऊन पडलं. एकाच वेळी किती आवाज वाजू द्यायचे ही संख्याही काही गेममध्ये कमी करता येते. 128 असेल तर 32 कर. रेसिंगमध्ये फरक कळणारसुद्धा नाही.

मग विंडोजकडे वळ. टास्कबारवरच्या स्पीकरवर राइट क्लिक, ‘साउंड्स’, ‘प्लेबॅक’, तुझं उपकरण, ‘प्रॉपर्टीज’, ‘अॅडव्हान्स्ड’. ‘192000 हर्ट्झ’ निवडलेलं असेल तर 48000 कर. 192000ला प्रत्येक सेकंदाला आवाजाचे चौपट नमुने (म्हणजे बारीक मोजमापं) तयार करावे लागतात आणि 2005च्या गेमचे आवाज मुळात तेवढ्या बारकाईचे नसतातच. ‘एनहान्समेंट्स’मधलं सगळंही बंद करून टाक.

झटका फक्त पहिल्या टकरीला बसत असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या टकरीला नाही, तर गोष्ट निराळी. तेव्हा आवाजाची फाइल हार्ड डिस्कवरून पहिल्यांदा उचलली जात असते आणि गेम तिच्यासाठी थांबतो. तुझ्या बाबतीत मला हा संशय बराच आहे. गेम एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान अशा साठवणीवर, हलवला की तो झटका बहुतेक जातो. पैसे खर्च करायचेच असतील तर ते एसएसडीवर कर. त्याचा अभ्यासालाही उपयोग होईल.

आणि आवाज डिसेबल करूनही गेम अडखळला तर? मग आवाज गुन्हेगार नाही, तक्रारदार आहे. संगणक थोडा आवाज पुढचा म्हणून बफरमध्ये भरून ठेवतो. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून आपण टाकी भरून ठेवतो, तसंच. 48000 हर्ट्झला 480 नमुन्यांचा बफर म्हणजे जेमतेम 10 मिलिसेकंदांचा साठा. एखाद्या ड्रायव्हरनं (उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं) प्रोसेसरला त्याहून जास्त वेळ अडवून ठेवलं की साठा संपतो आणि कर्रर्र होतं. असा ड्रायव्हर शोधायला लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम आहे. तो चालू ठेवून गेम खेळ. नंतर त्यात कोणत्या ड्रायव्हरचं नाव सगळ्यात वर येतं ते बघ. वाय-फायचं आलं तर वाय-फाय बंद करून खेळून बघ, ग्राफिक्सचं आलं तर ड्रायव्हर नव्यानं टाक. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवणंही इथे कामी येतं. रियलटेक या ऑडिओ चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरचा संशय आला तर त्याच्या जागी विंडोजचा स्वतःचा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडून बघ.

एका वेळी एकच बदल कर आणि तो लिहून ठेव. नाहीतर नक्की कशानं बरं झालं ते कळणार नाही आणि पुढच्या अपडेटनंतर पुन्हा पहिल्यापासून शोधत बसशील.

प्रश्न: मुलगा ब्लूटूथ हेडफोन लावून गेम खेळतो. मित्रांशी बोलायला लागला की गेमचा आवाज एकदम दबका आणि खरखरीत होतो. हेडफोन नवा आहे. परत करावा का? – एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर: परत करू नका, हेडफोन चांगला आहे. माइक चालू झाला की ब्लूटूथ स्टिरिओ सोडून हँड्सफ्री पद्धतीवर जातं आणि तिथे आवाज एकाच वाहिनीवरून, कमी दर्जाचा येतो. ऐकायला हेडफोन राहू द्या, पण विंडोजच्या ‘इनपुट’मध्ये लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. पीसी असेल तर जेल रोडवर साधा वायरचा माइक मिळेल, तो लावा. गाणी आणि गेम दोन्हींचा आवाज पूर्ववत येईल.