मावशींचा प्रश्न ठेव, नक्कल काढ

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ठाणे खाडीच्या चिखलातल्या निवट्या नावाच्या माशांवर माझा प्रोजेक्ट आहे. पुढच्या महिन्यात मुंबईतच एका राष्ट्रीय परिषदेत मला दहा मिनिटं बोलायचंय, इंग्रजीतून. कॉलेजात माझ्या नकला गाजतात, म्हणून सुरुवातीलाच खाडीवर भेटलेल्या एका कोळी मावशींची नक्कल ठेवली. मी निवट्या मोजत असताना त्यांनी विचारलं होतं, ‘मोजून झाल्या की कालवणाला देतेस का?’ सरावात ज्युनिअर पोट धरून हसले. मॅडम मात्र गप्प झाल्या आणि ‘हे काढ’ एवढंच म्हणाल्या. परिषदेत विनोद करूच नये का? पुढे पीएचडी करायची आहे, म्हणून भीती वाटते.
– एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर :

मावशींचा प्रश्न वाचून मलाही हसू आलं. इतका अस्सल प्रसंग काढून टाकू नकोस. काढायची आहे ती नक्कल, आणि मॅडम बहुधा त्यामुळेच गप्प झाल्या असाव्यात. त्यांना एकदा विचारून घे.

तू हेल काढून मावशी उभ्या करतेस, तेव्हा लोक हसतात ते त्यांच्या बोलण्याला. त्या सभागृहात नाहीत, उलट बोलू शकत नाहीत, आणि तुझा प्रोजेक्ट जिथे झाला ती खाडी त्यांच्या पोटापाण्याची जागा आहे. आता तोच प्रसंग तुझ्या साध्या आवाजात सांगून बघ. तू गुडघाभर चिखलात, समोर मोजणीची चौकट, निवट्या सटासट बिळात, दर वेळी आकडा वेगळा, आणि मागून हा प्रश्न. इथे हसू येतं ते तुझ्या फजितीचं. शिवाय पुढचं वाक्य आपोआप जोडलं जातं : निवटी हा पाण्याबाहेर वावरणारा मासा, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून तो श्वास घेतो, चाहूल लागली की बिळात शिरतो, म्हणून त्याची मोजणी अवघड. बघ, लोकांचं हसणं थांबायच्या आत तू तुझ्या पद्धतीच्या स्लाइडवर पोचलेली असशील.

माझी कसोटी एवढीच आहे. कोणी हसलं नाही तरी ते वाक्य कामाचं राहतं का? राहत असेल तर ठेव. मग सभागृह थंड राहिलं तरी तुझं काही अडत नाही, तू पुढे बोलत जातेस. नुसता हशा मिळवायला घातलेलं वाक्य पडलं, की ते सावरण्यातच अर्धं मिनिट जातं, आणि तुझ्याकडे अशी मिनिटं आहेतच किती?

पीएचडीची भीती मनातून काढ. आंद्रे गाइम या भौतिकशास्त्रज्ञाने प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवला होता. त्याबद्दल त्यांना मायकेल बेरी यांच्यासह 2000 साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा हा पुरस्कार. दहा वर्षांनी, 2010 मध्ये, ग्राफीन या कार्बनच्या अतिशय पातळ पदार्थावरच्या कामासाठी त्यांना भौतिकशास्त्राचं खरंखुरं नोबेल मिळालं. बेडकाने त्यांचं काही बिघडवलं नाही. तिथे गंमत प्रयोगातच होती. पाण्यासारखे साधे पदार्थही चुंबकाला किंचित दूर ढकलतात, हेच तर त्यांना दाखवायचं होतं.

उलटं उदाहरण जनुकाचं. ‘सॉनिक हेजहॉग’ हे एका जनुकाचं नाव, व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून ठेवलेलं. प्रयोगशाळेत सगळ्यांना मजा वाटली असेल. पण त्याच जनुकातल्या बिघाडामुळे बाळाच्या मेंदूची वाढ नीट न होण्याचा गंभीर विकार होऊ शकतो. मग डॉक्टरांना ते नाव घाबरलेल्या आईबापांसमोर उच्चारावं लागतं. विनोद करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हे आईबाप कधी नव्हतेच. तुझ्या ज्युनिअरांसमोर मावशी नव्हत्या, तसंच हे.

मी स्वतः पाहिलेलं सांगते. एका परिषदेत एका हुशार मुलाने बायकोवरच्या विनोदाने सुरुवात केली. पहिल्या रांगेतल्या दोन परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. त्याची निरीक्षणं चांगली होती, पण ती पेनं पुन्हा उचलली जायला बराच वेळ लागला. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं. पुढे पीएचडीला घेणारी माणसं अशाच रांगेत बसलेली असतात गं.

बाकी बारीकसारीक. परिषद राष्ट्रीय आहे, म्हणजे गुवाहाटीचा, चेन्नईचा माणूस समोर असणार. विरार लोकलचा विनोद त्याला कळणार नाही, आणि आपण सगळे हसताना तो एकटा पडेल. मराठी कोट्या इंग्रजीत नेऊ नकोस. मावशींचा प्रश्न मात्र आधी मराठीत म्हण, मग त्याचा अर्थ सांग. तो कुठल्याही भाषेत टिकेल. मीम टाकू नकोस. आधीच्या वक्त्यावर कोटी करू नकोस. प्रश्नोत्तरांत तर विनोद नकोच : समोरच्याने मनापासून विचारलेलं असतं, आणि तुझ्या हजरजबाबीपणाने तो सगळ्यांदेखत छोटा होतो. हशा पिकला की दोन सेकंद थांब, नाहीतर पुढचं वाक्य वाया जाईल. आणि घड्याळ लावून सराव कर, कारण अध्यक्षांची घंटा कोणासाठी थांबत नाही.

एक काम परिषदेआधी नक्की कर. ओहोटीची वेळ बघून खाडीवर जा आणि मावशींना गाठ. ‘तुमचा प्रश्न मी तिथे सांगू का?’ असं विचार, आणि कसा सांगणार तेही त्यांना म्हणून दाखव. त्या हसल्या तर तसाच सांग. जाताना वही ने. पूर्वी निवट्या कुठे आणि किती मिळायच्या, हे त्यांना तुझ्या चौकटीपेक्षा जास्त माहीत असेल. त्यांनी काही सांगितलं आणि ते तुझ्या सादरीकरणात आलं, तर शेवटच्या स्लाइडवर मॅडमच्या नावाशेजारी त्यांचंही नाव लिही, त्यांना विचारून.