आधी ‘दॅट’ काढा, मग स्वल्पविरामाचं बघू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतिहासाचा लघुप्रबंध, विषय बडोद्याची ग्रंथालय चळवळ, लेखन इंग्रजीत, आणि अवतरणचिन्हं सगळीकडे चुकली आहेत असा गाइडचा पहिल्या प्रकरणावर शेरा. तुम्ही विचारलंय, चिन्हं एकेरी घालू की दुहेरी, आणि पूर्णविराम आत की बाहेर. बडोद्यातच रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात मी बावीस वर्षं मराठी-इंग्रजी प्रुफं वाचली, आता घरी मुलांचे प्रबंध वाचून देते. तुम्ही टाकलेली तीन पानं पाहिली. एकेरी-दुहेरीचा घोळ त्यात आहे, पण तो तासाभरात निस्तरेल. मोठी चूक वेगळी आहे, आणि ती आपण मराठी माणसं घरून घेऊन जातो.

दुसऱ्या पानावर, ज्या आजोबांची मुलाखत घेतलीत त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंय:

द ओल्ड मॅन सेड दॅट “माय फादर कॅरीड द बॉक्सेस.”

आता हेच मराठीत म्हणून बघा. आजोबा म्हणाले की माझे वडील पेट्या वाहायचे. काही खटकलं? नाही खटकत. आपल्याकडे ‘की’ आलं तरी बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात, ‘माझे’ म्हणजे आजोबांचेच, कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीतल्या ‘दॅट’ला हे चालत नाही. ‘दॅट’ लिहिलंत की बोलणं तुमच्या तोंडी आलं, मग ‘माय’चं ‘हिज’ होतं, क्रियापदाचा काळ बहुधा एक पायरी मागे जातो आणि चिन्हं जातात:

द ओल्ड मॅन सेड दॅट हिज फादर हॅड कॅरीड द बॉक्सेस.

त्यांचेच शब्द हवे असतील तर ‘दॅट’ काढा, स्वल्पविराम द्या, चिन्ह उघडा आणि पहिलं अक्षर कॅपिटल करा:

द ओल्ड मॅन सेड, “माय फादर कॅरीड द बॉक्सेस.”

दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, त्यांची खिचडी मात्र करायची नाही. तुमच्या तीन पानांत ती सात वेळा झालीय. फाइलमध्ये ‘सेड दॅट’ शोधा आणि एकेक वाक्य तपासा, गाइडच्या शेऱ्यातला निम्मा भाग तिथेच मिटेल. एक सवलत आहे: बोलण्यातला लहानसा तुकडा तुमच्या वाक्याच्या व्याकरणात सहज बसत असेल तर ‘दॅट’ राहू शकतं. उदाहरणार्थ, ‘ही सेड दॅट द बॉक्सेस वेअर “हेवी ॲज स्टोन”.’ इथे मधे स्वल्पविराम नाही, कॅपिटल अक्षरही नाही.

याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. इंग्रजीत ही चिन्हं म्हणजे लेखकाची हमी असते, की आतला प्रत्येक शब्द त्या माणसाचा आहे, माझा नाही. आजोबा तर तुमच्याशी मराठीत बोलले, मग इंग्रजी वाक्य चिन्हांत कसं घालायचं? घालता येतं. भाषांतरं माझी आहेत असं प्रस्तावनेत किंवा तळटीपेत एकदा स्पष्ट लिहा आणि वाक्यामागून वाक्य इमानाने उतरवा. पाच मिनिटांच्या बोलण्याचा सारांश काढून तो चिन्हांत टाकलात तर ते खोटं ठरेल, मग तो कितीही अचूक असो. मधले शब्द गाळले तर तीन टिंबं. अर्थ कळावा म्हणून स्वतःचा शब्द घातला तर तो चौकटी कंसात. मोडी कागद वापरणार असाल तर हे जास्तच जपा. मोडीत विरामचिन्हं नाहीत, शब्दही तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे कुणाचं बोलणं कुठे संपलं हे तुम्ही ठरवलेलं असतं. तसं टीपेत सांगा.

आता पहिल्या पानाकडे वळते, कारण तिथली चूक वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय की 1906 साली महाराजा सयाजीरावांनी संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण ‘फ्री’ अँड ‘कम्पल्सरी’ केलं, आणि हे दोन शब्द एकेरी चिन्हांत घातलेत. तुम्हाला त्यांवर जोर द्यायचा होता. मराठीत शब्द उठून दिसावा म्हणून एकेरी चिन्हं घालायची रीत आहे, मीही इथे घालतेच आहे. इंग्रजीत मात्र एकट्या शब्दाभोवतीची चिन्हं बहुतेकदा संशय दाखवतात: म्हणे मोफत, म्हणे सक्तीचं. बाहेरचा परीक्षक वाचेल की या मुलीच्या मते ते शिक्षण मोफत नव्हतंच. अमरेली तालुक्यात 1893 मध्ये प्रयोग करून मग साऱ्या राज्यात आणलेली ही योजना, आणि दोन चिन्हांनी तिच्यावर शंका उभी राहते! मांडवीकडे जाताना एका फरसाणाच्या दुकानाची पाटी दिसते, तिच्यावर इंग्रजीत ‘प्युअर’ घी असं चिन्हांत रंगवलंय. दुकानदाराचा हेतू चांगलाच, पण इंग्रजीची सवय असलेलं गिऱ्हाईक ते वाचून तुपाबद्दल विचारात पडेल. जोर द्यायचा तर शब्द तिरपा करा. त्याहून बरं म्हणजे वाक्याची रचना अशी करा की जोर आपोआप त्या शब्दावर पडेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. अमेरिकन पद्धतीत बाहेर दुहेरी, आतल्या अवतरणाला एकेरी. ब्रिटिश पुस्तकांत बहुधा याच्या उलट, तिकडची वर्तमानपत्रं मात्र बरीचशी दुहेरीच वापरतात. अमेरिकन पद्धतीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम नेहमी बंद चिन्हाच्या आत, अर्धविराम आणि अपूर्णविराम बाहेर. ब्रिटिश पद्धतीत विराम मूळ अवतरणाचा असेल तर आत, तुमच्या वाक्याचा असेल तर बाहेर:

अमेरिकन: ही कॉल्ड इट “माय फादर्स लोड,” अँड स्माइल्ड.
ब्रिटिश: ही कॉल्ड इट ‘माय फादर्स लोड’, अँड स्माइल्ड.

प्रश्नचिन्हाला दोन्हीकडे एकच नियम, प्रश्न ज्याचा त्याच्या बाजूला. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश वळण शिकवतात आणि संदर्भांची नियमावली बऱ्याचदा अमेरिकन हातात पडते, म्हणून सगळ्यांचीच सरमिसळ होते. विभागाने कोणती नियमावली सांगितलीय ते विचारून घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तीच पाळा. ही चळवळ उभी करायला महाराजांनी बोलावलेले ग्रंथपाल बॉर्डन अमेरिकेतून 1910 मध्ये बडोद्यात आले म्हणून त्यांच्यावरचे तुमचे संदर्भ काही अमेरिकेत छापलेले, काही लंडनला. उतारा घेताना बाहेरची चिन्हं मुळात कशी होती याची काळजी नको, ती तुमच्या पद्धतीची करायला हरकत नाही. आतल्या शब्दांना हात लावायचा नाही.

लांब उताऱ्याला चिन्हं नसतातच, तो समासापासून आत सरकवून वेगळा मांडतात. किती लांब, ते नियमावलीगणिक बदलतं: एमएलए नियमावलीत गद्याच्या चार ओळींहून जास्त, एपीएत 40 शब्द किंवा जास्त, शिकागोत साधारण 100 शब्द. तुम्ही तिसऱ्या पानावर नऊ ओळींचा उतारा आत सरकवूनही चिन्हांत ठेवलाय, ती काढा.

ग्रंथांची नावंही बघा. मराठीत पुस्तकाचं नाव आपण एकेरी चिन्हांत घालतो. इंग्रजीत पुस्तक आणि नियतकालिक तिरप्या अक्षरांत, लेख, प्रकरण किंवा कविता चिन्हांत.

मुलाखतीचं पान दुरुस्त करून पुन्हा टाका, मी वाचते. सोबत आजोबांचं मूळ मराठी बोलणंही द्या, म्हणजे चिन्हांत काय ठेवायचं ते शब्द समोर ठेवून ठरवता येईल.