क्विल्टचे (गोधडीचे) तुकडे जोडताना शिलाई छान येते, पण तीन थर एकत्र शिवताना टाके सुटतात. सुई बदलू का, आणि कोणती घेऊ?

हो, बदला. तुम्ही लिहिलंय की सुई मशीनसोबत आलेलीच आहे, सुती तुकडे त्याच सुईने जोडले, आणि वरचं कापड, मधलं बॅटिंग (मऊ भरावाचा थर) आणि खालचं कापड एकत्र घेतल्यावर टाके सुटायला आणि दोरा तुटायला लागला. तुकडे जोडताना शिलाई नीट येत होती, म्हणजे मशीनवर शंका घ्यायचं अजून कारण नाही. तुकडे जोडणं आणि थर शिवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि माझ्या मते त्यांना सुयाही वेगळ्या लागतात.

बहुतेक जण कापड बघून सुई घेतात. मी आधी दोरा बघते. सुईच्या पुढच्या बाजूला नेढ्यापर्यंत एक उभी खाच असते. सुई कापडात शिरते तेव्हा दोरा त्या खाचेत बसून खाली जातो. सुई तळाशी पोचून किंचित वर उठली की तिच्या मागे, नेढ्याच्या जरा वर, दोऱ्याचा छोटासा लूप सुटतो. बॉबिनभोवती फिरणारं हूक तो लूप पकडतं आणि टाका पडतो. दोरा जाड आणि सुई बारीक असेल तर दोरा खाचेत मावत नाही. तो कापडाला घासतो, पिंजतो आणि शेवटी तुटतो. बारीक दोऱ्याला फार जाड सुई लावली तर भोक मोठं पडतं आणि बॅटिंगचे तंतू त्यातून वर येतात. गडद कापडावर ते पांढरे तंतू फार वाईट दिसतात.

तीन थरांत आणखी एक अडचण येते. बारीक सुई त्या जाडीत जराशी वाकते. डोळ्यांना ते कळत नाही, पण तेवढ्यानेही हूक लूपच्या बाजूने निघून जातं आणि टाका सुटतो. जिथे तुकड्यांच्या शिवणी एकावर एक येतात नेमके तिथेच तुमचे टाके सुटत असतील, तर कारण बहुधा हेच.

पाकिटावर ८०/१२ किंवा ९०/१४ असे आकडे असतात. दोन्ही आकडे जाडीचेच, मोजायच्या पद्धती दोन. ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. सुईचा आकडा वाढला की सुई जाड होते, पण दोऱ्याची जाडी सांगणाऱ्या ‘वेट’ या आकड्याचं उलट असतं. ४० वेटचा दोरा ५० वेटच्या दोऱ्यापेक्षा जाड.

जाडी दोऱ्यावरून ठरली की टोक कापडावरून ठरवा. युनिव्हर्सल सुईचं टोक किंचित गोलसर असतं. साध्या सुती कापडाला ती चालते, पण तुकड्यांचे कोपरे काटेकोर जुळवायचे असतील तर मला मायक्रोटेक्सच आवडते. तिचं टोक बारीक आणि अणकुचीदार असतं, त्यामुळे शिवण सरळ रेषेत येते. बाटिकसारख्या घट्ट विणीच्या कापडाला तर तीच घ्या. क्विल्टिंग नावाच्या सुईचं टोक हळूहळू निमुळतं होत जातं, म्हणून ती थरांमधून कापडाला इजा न करता जाते. खालच्या बाजूला मिंकीसारखं ताणणारं कापड असेल तर मात्र गोल टोकाची स्ट्रेच किंवा जर्सी सुई लागेल.

तुमच्यासाठी मी असं सुचवेन: तुकडे जोडायला ५० वेटचा सुती दोरा आणि ८०/१२ मायक्रोटेक्स. थर सरळ रेषांत शिवायला ४० वेटचा दोरा आणि ९०/१४ क्विल्टिंग. बॅटिंग पातळ असेल आणि दोरा ५० वेटचाच ठेवायचा असेल तर ७५/११ क्विल्टिंगही पुरते. हाताने कापड फिरवत नक्षी काढणार असाल तर ९०/१४ टॉपस्टिच घ्या. तिचं नेढं लांबट आणि मोठं, खाचही खोल, त्यामुळे दोऱ्याला त्रास कमी होतो. एकच पाकीट घ्यायचं झालं तर थर शिवण्यासाठी मी टॉपस्टिचच घेईन. नावात क्विल्टिंग नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं, याचं मला वाईट वाटतं.

पाकिटावर १३०/७०५ एच लिहिलंय का तेही बघा. बहुतेक घरगुती मशीनना हीच चपट्या बाजूची सुई लागते, तरी मशीनच्या पुस्तिकेत एकदा खात्री करून घ्या. दोरा पुढून मागे ओवायचा असेल तर चपटी बाजू मागे येते. सुई वर टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळा. ती जराशी खाली राहिली तरी टाके सुटतात. श्मेट्झच्या सुया असतील तर दांड्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखता येतात. वरची पट्टी प्रकाराची, खालची जाडीची. क्विल्टिंगला हिरवी, मायक्रोटेक्सला जांभळी.

सुई साधारण ८ तासांच्या शिलाईनंतर बदला. टपटप आवाज येऊ लागला किंवा कापडाचा धागा ओढला जाऊ लागला तर त्याआधीच. थर चिकटवायला स्प्रे वापरला असेल तर गोंद सुईवर बसतो आणि नवी सुईही टाके सोडते. अशा वेळी सुई काढून पुसून घ्या.

दोरा आणि सुई जमतात का हे मशीनला हात न लावता कळतं. सुई काढून दोऱ्यात ओवा, दोरा तिरका ताणून धरा आणि सुई वरच्या टोकाला सोडा. ती आपल्या वजनाने सरकत खाली आली तर जोडी बरोबर. अडकली तर मोठ्या नेढ्याची सुई घ्या.

त्यानंतर त्याच कापडाच्या आणि बॅटिंगच्या उरलेल्या तुकड्यांचे तीन थर करून त्यावर शिवून बघा. तोवर टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू फिरवू नका, नाहीतर दोष सुईचा की टेन्शनचा हे कळणार नाही. नव्या, योग्य सुईनेही टाके सुटत राहिले तर हूक आणि सुईचं टायमिंग, म्हणजे दोघांची वेळ जुळते का, ते कारागिराकडून तपासून घ्या.