न्यू हेवनच्या फ्रँक पेपेमध्ये पिझ्झा खायला मुद्दाम थांबावं का?

तुम्ही बॉस्टनहून न्यूयॉर्कला गाडीने जाणार आहात, वाटेत कनेक्टिकटमधलं न्यू हेवन लागतं, बरोबर आई-बाबा आहेत, आई शाकाहारी, बाबांना मासळीशिवाय जेवण जात नाही, आणि पेपे या तिथल्या जुन्या पिझ्झाच्या दुकानाच्या दारातली रांग बघून लोक घाबरवतायत. मी न्यू हेवनच्या शेजारच्या गावात बरीच वर्षं राहतो आणि मूळचा मालवणचा. म्हणून बाबांपासूनच सुरुवात करतो.

बाबांना तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आवडत असतील तर पुढचं काही न वाचता थांबायचं ठरवून टाका. पेपेचा जो 'व्हाइट क्लॅम' पिझ्झा जगभर गाजलाय, तो आपल्या भाषेत तिसऱ्यांचा पिझ्झाच. टोमॅटो नाही, मोझरेला नाही. शिंपल्यातून काढलेले क्लॅम, लसूण, ऑलिव्ह तेल, ओरेगॅनो आणि वरून किसलेलं पेकोरिनो रोमानो चीज. संपलं. क्लॅमचं खारट पाणी लसणीच्या तेलात मिसळून खालच्या पावात मुरतं, आणि खरी चव तिथे असते. 'चीज कमी वाटतंय' म्हणून वर मोझरेला घालून घेऊ नका. तिसऱ्यांच्या सुक्यात आपण पनीर घालतो का?

माझे वडील इथे आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो. पहिला तुकडा खाऊन काही बोलले नाहीत, दुसरा उचलला. मालवणी माणसाने परक्या मुलखातल्या मासळीला नाव ठेवलं नाही, म्हणजे काय ते समजून घ्यायचं. (तिसरा संपल्यावर 'दोन सोलं हवी होती' म्हणालेच.)

गंमत अशी की हा पिझ्झा दुकानाइतका जुना नाही. फ्रँक पेपे इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावरच्या मायोरी गावचा. त्याने 1925 मध्ये वूस्टर स्ट्रीटवर दुकान काढलं. सुरुवातीला तो पिझ्झे डोक्यावर घेऊन बाजारात विकायचा असं सांगतात. मला तर डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीच दिसतात. तेव्हा टोमॅटोचा साधा पिझ्झा असायचा. क्लॅम पुढे मिळू लागले तेही कच्चे, शिंपल्यातच, जेवणाआधी तोंडात टाकायला. ते पिझ्झ्यावर चढले 1960 च्या दशकात.

आता करपण्याबद्दल, कारण आई हेच आधी विचारणार. इथली भट्टी दगडी कोळशाची, चांगली खोलीएवढी. आत पिझ्झा सारायला आणि बाहेर ओढायला होडीच्या वल्ह्यासारखे लांबलचक लाकडी दांडे लागतात. आच इतकी तेज की कडा काळ्या पडतात आणि बुडालाही डाग येतात. हे चुकून होत नाही, मुद्दाम केलेलं असतं. चुलीवरच्या भाकरीला निखाऱ्याचे डाग नसतील तर ती आपल्याला कच्ची वाटते, तसंच. पाव पातळ, चिवट, बाहेरून कुरकुरीत. आकार धड गोल नाही, तुकडेही वेडेवाकडे कापलेले, आणि सगळं कागद घातलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये समोर येतं. काटा-चमचा शोधत बसू नका.

आईंसाठी दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. इथे 'टोमॅटो पाय' किंवा 'प्लेन' म्हटलं की मोझरेला येत नाही, फक्त टोमॅटो, तेल आणि थोडं किसलेलं चीज येतं. मोझरेला हवं असेल तर तसं सांगावं लागतं. जुने लोक त्याला 'मूट्स' म्हणतात आणि पिझ्झाला 'अबीट्स'. न्यू हेवनमधल्या बऱ्याच दुकानांच्या पाटीवर मात्र 'अपिझ्झा' लिहिलेलं असतं, नेपल्सकडच्या बोलीतून आलेलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पारंपरिक पेकोरिनो रोमानो बनवताना दूध फाडायला कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात. आई हे पाळत असतील तर ऑर्डर देतानाच किसलेलं चीज नको म्हणून सांगा आणि मोझरेलाबद्दलही विचारून घ्या. नुसता टोमॅटोचा, चीज न घातलेला पिझ्झाही इथे चांगलाच लागतो. खरं तर भट्टीची परीक्षा त्यावरच होते, कारण लपायला वर काहीच नसतं. उन्हाळ्यात येत असाल तर ताज्या टोमॅटोचा आहे का तेही विचारा.

रांग असते. शनिवारी संध्याकाळी तर असतेच. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारच्या जेवणाची वेळ टळल्यावर गेलात तर पुष्कळ सुसह्य. एप्रिलमध्ये येणार असाल तर थोडा वेळ काढून शेजारच्या वूस्टर स्क्वेअरमध्ये चक्कर मारा, चेरी फुललेल्या असतात. पण त्याच दिवसांत चेरीचा उत्सवही असतो, आणि तेव्हा गाडी लावायला जागा मिळणं कठीण.

त्याच रस्त्यावरचं सॅलीज कसं, असंही तुम्ही विचारलंय. ते पेपेच्या भाच्याने 1938 मध्ये काढलं, भट्टी कोळशाचीच. इथल्या घराघरांत यावरून वाद आहेत. आमच्याकडे बायको सॅलीजच्या बाजूची आहे आणि टोमॅटोच्या पिझ्झ्यापुरतं तिचं मी मान्यही करतो. स्टेट स्ट्रीटवरचं मॉडर्न 1934 पासूनचं, तिथली भट्टी तेलावर चालते. तुम्हाला एकदाच थांबायचंय आणि बाबा मासेखाऊ आहेत, तेव्हा पेपेच.

प्यायला फॉक्सन पार्कचा सोडा घ्या. शेजारच्या ईस्ट हेवनची 1922 पासूनची कंपनी आहे. त्यांचा 'व्हाइट बर्च' एकदा तरी चाखा. मला तो दाताला लावायच्या तेलासारखा लागतो, मुलं मात्र बाटली सोडत नाहीत.

चौघांसाठी एक मध्यम क्लॅम आणि एक मध्यम टोमॅटोचा पुरतो, कमी पडला तर पुन्हा मागवता येतो. टोमॅटोचा उरला तर खुशाल बांधून घ्या आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर, झाकण न ठेवता गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये त्याचं चामडं होतं. क्लॅमचा मात्र उरवू नका, तो तिथे बसूनच संपवायचा.