‘बरोबरच आहे ना, सर?’

‘टीममध्ये माझं कुणी ऐकतच नाही.’ समुपदेशन करताना हे वाक्य मी नर्सकडून ऐकलं आहे, फिजिओथेरपिस्टकडून, आहारतज्ज्ञांकडून आणि दोन-तीन डॉक्टरांकडूनही. शब्द थोडे इकडेतिकडे, कळ तीच. म्हणून त्यातली एक गोष्ट परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून इथे सांगते.

ती सव्वीस वर्षांची, हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट. खुर्चीत बसता बसताच म्हणाली, “मॅडम, मला अहो-जाहो नका करू.” आणि लगेच पुढे, “मी नोकरी सोडतेय. घरी कसं सांगायचं, एवढंच ठरवायला आलेय.”

झालं होतं असं. सत्तरी ओलांडलेल्या एका पेशंटला नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन लिहून दिलं होतं, ३०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. हे औषध शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं थकलेली असली की ते साचत जातं, माणूस गुंगीत राहतो, चालताना तोल जातो. या आजोबांच्या मूत्रपिंडांचं काम खूपच मंदावलं होतं आणि तो रिपोर्ट हिनं पाहिला होता. तिनं निवासी डॉक्टरांना फोन केला. “हो, तेच द्या,” ते म्हणाले. हिनं औषध पाठवलं. दोन दिवसांनी पलंगावरून उठताना आजोबांचा तोल गेला. सिस्टर शेजारीच होत्या म्हणून निभावलं. डोस कमी केला, आजोबा सावरले. हिची झोप मात्र उडाली ती उडालीच.

पहिल्या तीन भेटी ‘ते लोक असेच असतात’ यात गेल्या. मी ऐकत राहिले. दुखावलेल्या माणसाला आधी दुखू द्यावं लागतं.

चौथ्या भेटीत मी विचारलं, “फोनवर तू नेमकं काय बोललीस?”

“डोसबद्दल विचारलं.”

“तो अर्थ झाला. मला शब्द हवेत.”

तिनं डोळे मिटले. हात आपोआप कानाशी गेला, जणू फोन धरलाय. “सर, फार्मसीतून बोलतेय. बारा नंबरचं गॅबापेंटिन, तीनशे, तीनदा... बरोबरच आहे ना, सर?”

मी ते वाक्य कागदावर लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. “यात मूत्रपिंड कुठे आहे?”

तिनं वाचलं. मग एकेका शब्दाखालून बोट फिरवत पुन्हा वाचलं. “नाहीये,” ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, “पण मॅडम, रिपोर्ट माझ्यासमोरच होता.”

“तुझ्यासमोर होता.”

त्यानंतरची शांतता मला अजून आठवते. अशा वेळी बोलायचा मोह आवरणं ही माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आणि त्या दिवशी ती मला साधली. तिचं तिनंच बोलावं लागतं. ती बोलली, “त्यांनी ऐकलं नाही असं नाही. मी सांगितलंच नाही.”

माझी नजर ‘बरोबरच’मधल्या ‘च’वर अडली होती. त्या एका अक्षरानं उत्तर प्रश्नातच भरून दिलं होतं. समोरच्याला फक्त ‘हो’ म्हणायचं उरलं होतं. मी विचारलं, “हा ‘च’ कशासाठी?”

“सरळ सांगितलं असतं तर त्यांची चूक काढल्यासारखं झालं असतं. डॉक्टरांना एवढं माहीत असायलाच हवं ना?”

आणखी एक ‘च’. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ, म्हणजे मनातले अट्टाहास तपासून बदलण्याच्या, पद्धतीनं मी काम करते. माझ्या अनुभवात माणसाच्या दुःखाचं मूळ फार वेळा या ‘च’मध्ये सापडतं. डॉक्टरांना माहीत असायलाच हवं. मी चुकताच कामा नये. त्यांनी मला मान दिलाच पाहिजे. अशी तीन ओझी घेऊन कुणीही फोन उचलला तर आवाज दबणारच. ‘त्यांना माहीत असलं तर बरं, नसलं तर मी सांगेन’ हे वाक्य तिनं माझ्यासमोर आठ-दहा वेळा म्हटलं, आधी चाचरत, मग ठामपणे.

मग मी तिला एक काम दिलं. त्या डॉक्टरांना भेटून त्या फोनचा त्यांना काय अर्थ लागला, ते विचारायचं. पुढच्या भेटीत ती आली ती हसत आणि डोळे पुसत. ते म्हणाले होते, “मला वाटलं, माझं अक्षर लागलं नाही म्हणून फोन केलात.”

एका माणसानं जीव मुठीत धरून सांगितलेली धोक्याची सूचना दुसऱ्याला अक्षराची चौकशी वाटली होती. यात दुष्ट कुणीच नाही. दोघंही वर्षानुवर्षं वेगवेगळ्या इमारतींत शिकले. दुसरा काय बघतो, कसा विचार करतो, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. तिनं पुढे चौकशी केली तेव्हा आणखी कळलं. आजोबा उभे राहताना डोलतात, हे फिजिओनं आदल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. दिवसा फार झोपतात, हे सिस्टरनं. तीन जणांच्या तीन नोंदी, तीन वेगळ्या कागदांवर.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये यावरच एक आराखडा मांडला: दोन किंवा अधिक व्यवसायांच्या लोकांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावं. माझ्या मते यातलं ‘एकमेकांकडून’ सगळ्यात जास्त राहून जातं. एका दिवसाच्या शिबिरात खेळ खेळून ते येत नाही. एकाच पेशंटजवळ दोघांनी उभं राहून एकमेकांना विचारावं, “या माणसाकडे बघताना तू सगळ्यात आधी काय बघतोस?” विद्यार्थी असाल तर आजच विचारा. वीस वर्षं नोकरी झालेल्यांनीही विचारलं तर बिघडत नाही.

आणि बोलायचं कसं? अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून दवाखान्यांत आलेली एक साधी रीत आहे: आत्ता काय घडतंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. आम्ही तिचा फोन तसा नव्यानं लिहिला. “सर, बारा नंबरच्या आजोबांना गॅबापेंटिन दिवसाला ९०० मिलिग्रॅम चाललंय. त्यांच्या मूत्रपिंडांचं काम खूप कमी झालंय. औषध साचेल अशी मला काळजी वाटते. डोस कमी करायचा का, आत्ताच बघाल?” वीस सेकंदं लागतात. ‘काळजी वाटते’ हे शब्द गाळू नका. त्यात आरोप नाही आणि माघारही नाही. उत्तर टोलवल्यासारखं आलं तर तेच पुन्हा एकदा सांगा. तरीही हललं नाही तर वरिष्ठांना सांगा. ती चुगली नव्हे, पेशंटसाठी उचललेलं पुढचं पाऊल आहे.

डॉक्टरांनाही एक विनंती. फोनवर कुणी घुटमळलं तर “तुम्हाला काही खटकतंय का?” एवढं विचारा. आणि जिथे बोलणाऱ्याचा सरळ अपमान होतो, तिथे मनातले ‘च’ काढून भागत नाही. तिथे संस्थेनंच हात घालायला हवा. अशा माणसाला मी ‘तुझे विचार बदल’ असं कधीच सांगत नाही.

तिनं नोकरी सोडली नाही. आता आठवड्यातून एकदा ती राउंडला जाते. सुरुवातीला सिस्टरच्या मागे उभी राहायची, आता ड्रग चार्ट तिच्याच हातात असतो. शेवटच्या भेटीत सांगत होती, ते डॉक्टर हल्ली तिचा फोन उचलला की आधी विचारतात, “अक्षर की डोस?”