वंश, वर्ण की जात? मिशिगनच्या शहरांचं कोष्टक मराठीत मांडताना

प्रश्न असा आहे: "मिशिगन राज्यातल्या शहरांची लोकसंख्या २०२० च्या अमेरिकी जनगणनेवरून मराठीत मांडायची आहे. मूळ कोष्टकात ‘रेस’ असा रकाना आहे. त्याला वंश म्हणावं, वर्ण म्हणावं की जात? शेजारी ‘एथ्निसिटी’चाही रकाना आहे. दोन्हींना ‘वांशिक’ म्हटलं तर घोळ होतो. काय करावं?"

थोडक्यात सांगायचं तर पहिल्या रकान्यावर ‘नोंदवलेला वंश’ लिहा आणि दुसऱ्यावर ‘हिस्पॅनिक मूळ’, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतलं मूळ. पण ‘नोंदवलेला’ हे विशेषण माझ्या दृष्टीने ‘वंश’ या नामापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

‘जात’ आधी बाजूला ठेवू. मराठीत हा शब्द फार ऐसपैस आहे. आंब्याची जात, बाईची जात, जातिवंत घोडा, सगळं त्यात बसतं. त्यामुळे ‘गोऱ्यांची जात’ असं बोलण्यात कोणी म्हणालं तर कानाला खटकत नाही. पण जनगणनेशेजारी ‘जात’ आली की मराठी वाचक थेट जातगणनेकडे जातो. १९३१ नंतर भारताच्या दशवार्षिक जनगणनेत सर्व जातींची मोजणी झाली नाही, आणि ती आता व्हावी की नाही यावर आपल्याकडे केवढी चर्चा झाली, हे त्याच्या डोक्यात असतं. शिवाय जात आणि वंश या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे बाबासाहेबांनी स्पष्ट सांगून ठेवलं आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या १९३६ च्या भाषणात त्यांचा मुद्दा असा होता की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला अस्पृश्य हे वंशाने एकच आहेत. जात ही एकाच वंशाच्या माणसांची केलेली सामाजिक विभागणी आहे. हा भेद आपल्याकडे इतक्या आधी मांडलेला असताना तो कोष्टकात पुसून टाकू नये.

‘वर्ण’चा मोह समजण्यासारखा आहे. वर्णद्वेष, वर्णभेद हे शब्द दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमुळे मराठीत मुरले आहेत. अमेरिकी जनगणनेतही ‘व्हाइट’ आणि ‘ब्लॅक’ हे रंगच आहेत, आणि १८५० च्या अर्जात तर रकान्याचं नावच ‘रंग’ असं होतं. पण पुढचा गट ‘आशियाई’, त्यापुढचा ‘हवाई व पॅसिफिक बेटांवरचे’. हे काही रंग नव्हेत. शिवाय ‘वर्ण’ म्हटलं की चातुर्वर्ण्य पाठोपाठ येतं. म्हणून गटांची नावं ‘श्वेतवर्णीय’, ‘कृष्णवर्णीय’ अशी खुशाल लिहावीत, मात्र रकान्याचं नाव ‘वर्ण’ नको.

राहिला ‘वंश’. संस्कृतात वंश म्हणजे मुळात बांबू. बांबूला पेरामागून पेर फुटावं तशी पिढीमागून पिढी, म्हणून कुळ. सूर्यवंश, वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश, हे सगळे शब्द त्याच अर्थाचे. म्हणजे मराठी कानाला ‘वंश’ हा रक्ताचा, बापजाद्यांचा शब्द आहे. तो कोणी ठरवत नाही, तो असतो.

त्यात अलीकडे आणखी एक अर्थ मिसळला आहे. सुनीता विल्यम्स यांच्याबद्दल प्रत्येक मराठी वर्तमानपत्राने ‘भारतीय वंशाच्या अंतराळवीर’ असं लिहिलं. इथे ‘वंश’ म्हणजे पूर्वजांचा देश. म्हणजे एकच शब्द आपण कुळासाठी, देशासाठी आणि ‘रेस’साठी वापरतो. तुमच्या कोष्टकात वर ‘आशियाई वंश’ आणि त्याखाली ‘भारतीय वंश’ असं आलं तर वाचणाऱ्याला कळणार नाही की एकाच शब्दाने दोन वेगळ्या पातळ्या सांगितल्या आहेत. म्हणून खालच्या पातळीला ‘भारतीय मूळ’, ‘जपानी मूळ’ म्हणा.

आता मुख्य अडचण. अमेरिकी जनगणनेतला ‘वंश’ हा माणसाने अर्जावर स्वतः दिलेला जबाब असतो. १९५० पर्यंत साधारणपणे गणक दारात येऊन, समोरच्याकडे पाहून रकाना भरत असे. १९६० पासून माणसं स्वतःच स्वतःची नोंद करू लागली. रकान्यांची यादी मात्र सरकारची, आणि ती सारखी बदलत आली आहे. १८९० मध्ये आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांच्यातले किती काळे यावरून वेगवेगळे रकाने होते. १९३० मध्ये ‘मेक्सिकन’ हा वंश होता, १९४० मध्ये तो गेला.

आपल्या लोकांचीच गोष्ट पाहा. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनांत भारतातून आलेल्यांसाठी ‘हिंदू’ असा वंश होता, आणि त्यात शीख व मुसलमानही धरले जात. त्याच काळात, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ ठरत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंद यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः आधीच नागरिक झालेले होते. सरकारने त्यांचंही नागरिकत्व काढून घेण्यासाठी खटला केला आणि १९२६ मध्ये सरकार तो हरलं. पुढे १९७० च्या जनगणनेत भारतीय लोक ‘गोऱ्यां’त मोजले गेले, आणि १९८० पासून ‘एशियन इंडियन’ हा वेगळा रकाना झाला. एखाद्याने हा सगळा काळ अमेरिकेत काढला असेल तर त्याचा ‘वंश’ हिंदू, मग गोरा, मग आशियाई असा बदलत गेला. वंशावळ तीच, गाव तेच. मराठी ‘वंश’ शब्दाला हे पेलत नाही, आणि म्हणूनच ‘नोंदवलेला’ हे विशेषण हवं.

मिशिगनमध्ये तर त्याच्याशिवाय पानही हलणार नाही. तुमच्या यादीत डिअरबॉर्न असेलच. फोर्डच्या रूज कारखान्यामुळे वाढलेलं हे शहर. ऑर्व्हिल हबर्ड १९४२ ते १९७८ तिथले महापौर होते, आणि कृष्णवर्णीयांना शहरात राहू न देण्यासाठी ते देशभर कुप्रसिद्ध होते. त्याच कारखान्याच्या आसपास लेबनॉनमधून, येमेनमधून आलेली अरब कुटुंबं स्थायिक होत गेली. २०१० च्या जनगणनेत डिअरबॉर्नचे सुमारे ८९ टक्के लोक ‘श्वेतवर्णीय’ होते. हे वाचून मराठी वाचक डोळ्यांसमोर जर्मन-आयरिश वस्ती आणेल. प्रत्यक्षात २०२० च्या तपशीलवार आकड्यांनुसार शहरातले निम्म्याहून अधिक लोक पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतल्या मूळचे आहेत. २०२० च्या अर्जातल्या ‘व्हाइट’ रकान्याखाली उदाहरणं म्हणून जर्मन, आयरिश यांच्याबरोबर लेबनीज आणि इजिप्शियन असं छापलेलंच होतं. तेव्हा ‘२०१० मध्ये डिअरबॉर्नमध्ये ८९ टक्के लोक श्वेतवंशीय होते’ हे मराठी वाक्य चुकीचं ठरतं आणि ‘८९ टक्के लोकांची नोंद श्वेतवर्णीय अशी होती’ हे बरोबर. फरक आहे तो ‘नोंद’ या एका शब्दाचा.

हॅमट्रॅमक तर याहून बोलकं आहे. जवळपास चहूबाजूंनी डेट्रॉईटने वेढलेलं हे छोटं शहर, २०२० मध्ये लोकसंख्या २८ हजारांच्या थोडी वर. एकेकाळी पोलिश लोकांचं गाव, आता येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबांचं. २०२१ च्या निवडणुकीत तिथली सगळी नगरपरिषद मुस्लिम सदस्यांची झाली. जनगणनेच्या पद्धतीप्रमाणे त्यांतला येमेनी शेजारी ‘श्वेतवर्णीय’ आणि बांगलादेशी शेजारी ‘आशियाई’. येमेन आशियातच आहे, इराकही. स्टर्लिंग हाइट्समधले खाल्डियन ख्रिश्चन इराकमधून आलेले, तरी ‘आशियाई’ रकान्यात नाहीत. भूगोलात आशिया शिकलेल्या मराठी वाचकासाठी इथे एक टीप द्यावीच लागेल: या कोष्टकातलं ‘आशियाई’ म्हणजे पूर्व आशिया, आग्नेय आशिया आणि भारतीय उपखंड, एवढंच. ट्रॉय आणि नोव्हाय या शहरांत आशियाई म्हणून नोंद असलेले लोक साधारण पाव भरतात. नोव्हायमध्ये त्यांत मोटारउद्योगासाठी आलेले जपानी आणि आपल्याकडचे अभियंते, दोन्ही एकाच आकड्यात आहेत.

पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा गट करायचं अमेरिकी सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवलं, पण तुमचे आकडे २०२० चे आहेत. ते जुन्या पद्धतीने, टिपेसह द्या.

आता ‘एथ्निसिटी’. सर्वसाधारण मराठीत आपण ‘वांशिक संघर्ष’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ‘एथ्निक’च सांगायचं असतं. ‘रेशिअल’लाही वांशिक, ‘एथ्निक’लाही वांशिक, म्हणून तुमचा घोळ झाला. समाजशास्त्राच्या पुस्तकात यासाठी वेगळा शब्द घडवावा लागेल, पण तुमच्यासमोर फक्त २०२० ची जनगणना आहे आणि तिथे हा रकाना एकच गोष्ट विचारतो: तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात की नाही? मग जे विचारलंय तेच लिहा, ‘हिस्पॅनिक मूळ’. उलट बाजूला ‘बिगरहिस्पॅनिक’. बिगरशेती, बिगरसरकारी यांच्या पंगतीत तो सहज बसतो. हिस्पॅनिक माणूस कोणत्याही वंशाचा असू शकतो, त्यामुळे हा आकडा वंशांच्या बेरजेत मिळवायचा नाही. डेट्रॉईटच्या नैऋत्य भागात मेक्सिकनटाउन म्हणून वस्ती आहे. तिथली माणसं वंशाच्या रकान्यात एकदा आणि हिस्पॅनिक रकान्यात पुन्हा एकदा आहेत.

मूळ कोष्टकात वंशाच्या नावापुढे येणाऱ्या ‘अलोन’ला ‘फक्त’ लिहा: ‘फक्त श्वेतवर्णीय’. ‘निव्वळ’ किंवा ‘शुद्ध’ कृपा करून नको. शुद्ध वंश या कल्पनेने जगात काय केलं हे आपल्याला माहीत आहे, आणि जनगणनेला तसं म्हणायचंही नाही. एकच चौकट भरली, एवढाच त्याचा अर्थ. तसंच ‘टू ऑर मोअर रेसेस’ला ‘संकरित’ म्हणू नये. तो शब्द बियाण्यांचा आणि गायींचा, आणि ‘वर्णसंकर’मधून तो थेट शिवी बनून येतो. ‘दोन किंवा अधिक वंश नोंदवलेले’ लांब आहे खरं, पण स्वच्छ आहे. एकाहून अधिक चौकटी भरायची मुभा २००० पासून मिळाली. देशभरात असे लोक २०१० मध्ये सुमारे ९० लाख होते, ते २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख झाले. यातली बरीच वाढ प्रश्न विचारण्याच्या आणि उत्तरं वर्गीकृत करण्याच्या बदललेल्या रीतीमुळे आहे. म्हणून मिशिगनच्या शहरांची दहा वर्षांची तुलना करताना ‘श्वेतवर्णीय इतके घटले’ असं सरळ लिहू नका.

‘ब्लॅक ऑर आफ्रिकन अमेरिकन’साठी ‘कृष्णवर्णीय’ पुरेसा आहे. नुसतं ‘आफ्रिकी-अमेरिकी’ लिहिलं तर हैती, जमैका, सोमालियातून आलेले सुटतात. ‘हबशी’ हा जंजिऱ्याच्या इतिहासातला शब्द, तो तिथेच शोभतो. ‘निग्रो’ २०१० च्या अर्जापर्यंत छापलेला होता, २०२० मध्ये काढला, आपणही काढावा. ‘अमेरिकन इंडियन’ला ‘रेड इंडियन’ तर नकोच. मिशिगनमध्ये ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी ही त्यांची नावं आहेत. गटासाठी ‘अमेरिकी आदिवासी’ म्हणा, म्हणजे ‘भारतीय’शी गल्लतही होणार नाही.

वाक्यांचा नमुना म्हणून डेट्रॉईट घ्या: "१९५० मध्ये डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती आणि त्यांतल्या सुमारे १६ टक्के लोकांची नोंद कृष्णवर्णीय अशी होती. २०२० मध्ये शहरात ६ लाख ३९ हजार लोक उरले आणि त्यांतल्या सुमारे ७७ टक्क्यांनी स्वतःची नोंद कृष्णवर्णीय अशी केली." पहिल्या वाक्यात ‘नोंद होती’ आणि दुसऱ्यात ‘स्वतःची नोंद केली’ हा फरक मुद्दाम ठेवला आहे. १९५० ला ती गणकाने केली होती. आणि हे आकडे डेट्रॉईट शहराचे आहेत, महानगर क्षेत्राचे नाहीत, हे कोष्टकाच्या मथळ्यातच लिहा; डिअरबॉर्न, ट्रॉय, नोव्हाय हे सगळे त्या महानगरात येतात आणि तिथे टक्केवारी पार बदलते.